ग्रुपवरचा ‘पुस्तकाचं नाव ओळखा’ खेळ नीट चालवायचा कसा?

प्रश्न: आमचा मुंबई-ठाण्यातल्या वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चाळीसेक जणांचा. महिन्यापूर्वी रोज रात्री ‘पुस्तकाचं नाव ओळखा’ सुरू केलं. पहिले आठ दिवस खूप मजा आली. आता तेच तिघं जण मिनिटभरात उत्तर टाकतात आणि बाकीचे गप्प असतात. ‘माझंही उत्तर बरोबरच होतं’ यावरून दोनदा वाद झाला. काय बदलावं?

उत्तर: सुरुवात कोड्यांपासून करा, खेळणाऱ्यांपासून नको. तुम्ही सांगितलेल्या बहुतेक अडचणी कोडं कसं रचलंय यातूनच येतात. नियमांचा भाग त्यानंतर.

चाळीस वाचकांच्या ग्रुपमध्ये कुठलंही एक पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं नसतं, पण नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. म्हणून कोड्याला दोन दारं ठेवायची. वाचलेल्याला आठवणीतून आत येता यावं आणि न वाचलेल्याला शब्दांवरून. ‘१९६३ साली आलेली कादंबरी, लेखकाला पुढे ज्ञानपीठ’ या कोड्याला एकच दार आहे. ज्याला माहीत आहे तो तीन सेकंदांत ‘कोसला’ लिहितो, ज्याला माहीत नाही तो एक तर गूगल करतो किंवा फोन खाली ठेवतो. विचार कुणालाच करावा लागत नाही. आता हे पाहा: ‘एका मुलीने स्वतः सांगितलेली गोष्ट. शीर्षक म्हणजे चार शब्दांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर “कोणीच नाही”.’ हरिभाऊ आपट्यांची यमू ज्याला आठवते तो तिच्यावरून ‘पण लक्षात कोण घेतो’ला पोचतो. ज्याने कादंबरी वाचली नाही तो चार शब्दांचे प्रश्न आठवत आठवत तिथेच येतो. सर्चमध्ये हे वाक्य टाकून फारसं काही हाती लागत नाही. उत्तर कळल्यावर ‘अरे हो, हेच की!’ असं सगळ्यांच्या तोंडून यावं. ‘असेल बुवा’ आलं तर कोडं फसलं.

किरण नगरकरांच्या १९७४च्या कादंबरीसाठी ‘साताच्या पाढ्यात चूक’ एवढे तीन शब्द पुरतात. ज्याने शाळेत पाढे घोकलेत त्याला बेचाळीसच्या जागी त्रेचाळीस ऐकू येतं आणि ‘सात सक्कं त्रेचाळीस’ सापडतं.

वाद टाळायचे तर प्रत्येक कोडं टाकण्याआधी पाच मिनिटं उलट्या बाजूने तपासा. आपलं उत्तर बाजूला ठेवायचं आणि या वर्णनात दुसरं कुठलं पुस्तक बसतं का ते शोधायचं. मराठीत ही गफलत फार सहज होते, कारण गाजलेल्या पुस्तकांचे विषय एकमेकांना खेटून आहेत. ‘कर्णावरची कादंबरी’ म्हटलं की ‘मृत्युंजय’ही बरोबर आणि ‘राधेय’ही. ‘चार अक्षरी’ जोडलंत की प्रश्न मिटतो, ‘राधेय’ तीन अक्षरी आहे. ‘पेशव्यावरची कादंबरी, नाव दोन अक्षरी’ हे ऐकायला अगदी नेमकं वाटतं, पण त्यात ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ दोन्ही बसतात. ‘पहिलंच अक्षर जोडाक्षर’ असं सांगितलं की ‘राऊ’ बाद. सगळ्यात फसवं म्हणजे ‘एका शब्दाचं नाव असलेलं आत्मकथन’. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ तिन्ही चालतात आणि तिन्ही तीन अक्षरीच, म्हणजे अक्षरं मोजूनही सुटका नाही. इथे साल द्यावं लागतं: अनुक्रमे १९७८, १९८० आणि १९८७. चित्रपटावरून क्लू देतानाही जपा. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. ‘या चित्रपटामागची कादंबरी कोणती?’ विचारलंत तर दोन्ही उत्तरं मान्य करावी लागतील.

एवढं करूनही कोणी दुसरं बसणारं उत्तर दिलंच, तर पूर्ण गुण द्यायचे. ‘माझ्या मनात ते नव्हतं’ हे कारण चालत नाही. कोडं सैल राहिलं ती चूक रचणाऱ्याची, तिचा भुर्दंड खेळणाऱ्याला कशाला? हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

आता तुमच्या त्या तिघांबद्दल. ग्रुपवर पहिलं बरोबर उत्तर उमटलं की उरलेल्या सदतीस जणांचा विचार तिथेच थांबतो. खेळ मरतो तो याने. उपाय साधा आहे: उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, सूत्रधाराला खाजगीत पाठवायचं. ग्रुपवर फक्त ‘ओळखलं’ एवढंच लिहायचं. ज्याने बरोबर ओळखलंय त्याला सूत्रधाराच्या होकारानंतर एक जादा क्लू ग्रुपवर टाकायची मुभा द्या, उत्तर न फोडता. जाणकारांना यात खरी गोडी लागते, कारण चांगला क्लू बनवणं हे ओळखण्यापेक्षा अवघड असतं. त्यांचं वाचन मग इतरांच्या उपयोगी पडतं. सलग दोन कोडी जिंकणाऱ्याने तिसऱ्याला सूत्रधार व्हायचं, हाही नियम चांगला चालतो.

गुण वेगावर देऊ नका, क्लूवर द्या. एका कोड्याला चार क्लू, अवघडापासून सोप्याकडे. पहिल्यावर ओळखलं तर ५ गुण, दुसऱ्यावर ३, तिसऱ्यावर २, चौथ्यावर १. रात्रीच्या खेळात दोन क्लूंमध्ये चार मिनिटं पुरतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापू नका, नाहीतर लाजरे लोक कधीच तोंड उघडणार नाहीत. मात्र एका क्लूला एकच उत्तर, म्हणजे अंदाजांचा मारा होत नाही. ‘माहीमची खाडी’साठी क्लू असे लावता येतील: (१) शीर्षकात जागा आहे, माणूस नाही, (२) लेखक कोकणातला, गोष्ट मुंबईची, (३) झोपडपट्टीतलं जगणं, (४) पश्चिम रेल्वेने बांद्रा सोडलं की पुढचं स्टेशन यायच्या आत पुलाखाली दिसते. तिसरा क्लू एकटा दिला असता तर ‘चक्र’ही बसलं असतं, पहिल्याने ते आधीच बाद केलंय. प्रत्येक क्लूने काहीतरी गाळलं पाहिजे. काहीच न गाळणारा क्लू म्हणजे नुसती माहिती.

वेळेचं गणित मुंबईत वेगळं आहे. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ अर्धा ग्रुप गाडीत असतो. त्यातल्या ज्यांना बसायला मिळालंय ते खेळतात; दारात लटकलेल्याला टाइप कसं करता येणार? भुयारी मेट्रोत नेटवर्क गेलं की उत्तर अडकतं आणि उशिरा पोचतं. म्हणून वेगाचा खेळ रात्री पावणेदहानंतर ठेवा, पाऊण तासात तीन कोडी, आणि तोही आठवड्यातून दोनदाच. रोजचा खेळ दमवतो. इतर दिवशी ‘दिवसभराचं कोडं’ ठेवा: सकाळी आठला टाकायचं, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला एकेक क्लू वाढवायचा, रात्री नऊला उत्तर. सकाळी कोडं वाचून अंधेरीला उतरेपर्यंत डोक्यात घोळवत ठेवायचं, यात वेगळीच मजा आहे.

काही तांत्रिक गोष्टी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बदलल्याची खूण दिसते. बदललेलं उत्तर धरायचं नाही. वेळ मिनिटांत दिसते, सेकंदांत नाही, म्हणून एकाच क्लूच्या कालावधीत आलेली सगळी उत्तरं सारखी मानणंच बरं. पोल टाकून ओळखायला लावू नका: साध्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं आणि माणसं पहिल्या तीन मतांच्या मागे जातात. टेलिग्रामवर क्विझ पद्धतीचा पोल आहे; तिथे मत दिल्यावरच निकाल दिसतो. मजकूर झाकून पाठवायची सोयही आहे. ग्रुप तिकडे न्यायला सगळे तयार असतील तर काम सोपं होतं, पण खाजगी उत्तरांच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवरही काही अडत नाही.

उत्तरं गूगल फॉर्ममध्ये घेणार असाल तर शीटला आपोआप तपासायला लावताना एक अडचण हमखास येते: शुद्धलेखन. खांडेकरांच्या पुस्तकाचं नाव ‘ययाति’ असं छापलेलं आहे, आज बहुतेक जण ‘ययाती’ लिहितात. ‘बलुतं’ कोणी ‘बलुते’ लिहील. ‘ॲ’ दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, यंत्राला मात्र तो वेगळा वाटतो. तुलना करण्याआधी शीटमध्ये सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करा, दीर्घ उकारांचंही तेच, अनुस्वार आणि मोकळ्या जागा काढून टाका. बहुतेक प्रश्न मिटतील. उरलेली नावं डोळ्यांनी तपासा. रोमन लिपीतलं उत्तरही मान्य करा. हा ओळखण्याचा खेळ आहे, शुद्धलेखनाची परीक्षा नव्हे.

अक्षरांचे खेळ मराठीत वेगळ्या पद्धतीने खेळावे लागतात, इंग्रजीतले नियम जसेच्या तसे उचलून चालत नाही. पहिला प्रश्न म्हणजे अक्षर कशाला म्हणायचं. उच्चारात एका दमात येतं ते एक अक्षर, मग त्यात काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर काहीही असो. ‘मृत्युंजय’ म्हणजे मृ, त्युं, ज, य, अशी चार. फोनवरचं अक्षरं मोजणारं साधन मात्र स्वरचिन्हं आणि हलन्त वेगळे धरतं आणि तेच नाव नऊ चिन्हांचं निघतं. ‘स्वामी’ दोन अक्षरी, चिन्हं सहा. म्हणून इंग्रजीसाठी बनवलेली कोडी पाडणारी ॲपं वापरू नका. अक्षरं उलटसुलट करायला दिलीत तर ती वेलांट्या सुट्या करून टाकतात आणि पडद्यावर टिंबांची वर्तुळं येतात. कागदावर अक्षरं लिहून हाताने फिरवा. ‘वा-ब-डी-न-र-ग’ यातून ‘बनगरवाडी’ काढायला बरा वेळ लागतो. पाच-सहा अक्षरांची नावं यासाठी उत्तम. चारपेक्षा कमी असली की लगेच जुळतात.

रिकाम्या जागा भरा हा खेळही तसाच. दोन अक्षरी नावांत (छावा, चक्र, शितू, झोंबी) एक अक्षर दिलं की अर्धं नाव दिलं आणि नाही दिलं तर काहीच दिलं नाही. ती नावं शब्दखेळासाठी राखून ठेवा. लांब नावांत एक छान युक्ती आहे: व्यंजनं झाकून फक्त काने-मात्रे दाखवायचे. मराठी वाचकाला शब्दाचा आकार ओळखीचा असतो. ‘जोडाक्षराला ऋकार, मग दोन ऱ्हस्व वेलांट्या, शेवटी जोडाक्षरावर मात्रा, एकूण चार अक्षरं’ एवढ्यावर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ओळखणारे निघतात.

नावांच्या भेंड्या घरातल्या भेंड्यांसारख्याच. शेवटच्या अक्षरावरून पुढचं नाव. इथे आधी ठरवलं नाही तर गाडी तिसऱ्या फेरीतच अडते. ‘ळ’ आणि ‘ण’वरून मराठी शब्द सुरू होत नाहीत आणि नावं तर ‘बटाट्याची चाळ’, ‘रणांगण’ अशी संपतात. ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ धरायचा. स्वरचिन्ह सोडून व्यंजनच घ्यायचं आणि जोडाक्षर असेल तर शेवटचं व्यंजन. शेवटी सुटा स्वर आला (‘राऊ’) तर ऱ्हस्व-दीर्घ एकच. मग ‘कोसला’वरून ‘लमाण’, ‘ण’चा ‘न’ करून ‘नटसम्राट’, तिथून ‘टारफुला’ आणि पुन्हा ‘ल’. पुनरुक्तीला बंदी असेल तर ‘ल’ लवकर आटतो. मोठ्या गटात प्रत्येक खेळाडूला एकदा ‘मागचं अक्षर’ घेण्याची सवलत द्या, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावरून पुढे जायचं.

इमोजीची कोडी सगळ्यांना आवडतात आणि सगळ्यात लवकर कंटाळवाणीही होतात. बटाटा आणि इमारत टाकली की दहा सेकंदांत ‘बटाट्याची चाळ’. सुरुवातीला हात मोकळा करायला एवढं ठीक आहे. पुढे मराठी शब्दांचे दुहेरी अर्थ वापरा. आठ पायांचा कोळी आणि ‘१’ असं टाका. लोक कीटकांची पुस्तकं आठवत बसतील. दुसऱ्या क्लूला समुद्र, तिसऱ्याला म्हातारा आणि मासा. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. लं.नी केलेला अनुवाद, ‘एका कोळियाने’. ज्या शहरात अजून कोळीवाडे आहेत तिथल्या वाचकांना हा कोळी जरा उशिराच आठवतो. इमोजी चारपेक्षा जास्त नकोत. त्यांची चित्रं फोनगणिक बदलतात, म्हणून बारीक तपशिलावर (रंग, चेहऱ्यावरचा भाव) क्लू उभा करू नका.

एका गोष्टीची काळजी मनापासून घ्यावी. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची नावं लेखकांनी स्वतःच्या समाजावर मारलेल्या शिक्क्यांमधून किंवा त्याच्यावर लादलेल्या व्यवस्थेतून उचलली आहेत. ‘उचल्या’साठी चोराचा इमोजी टाकणं वाचायलाही बोचतं. तिथे गंमत करू नका. साल, साहित्यप्रकार, अक्षरं यांवरून क्लू द्या.

मुखपृष्ठ ओळखायला देताना फोटोवरून शोधणारी साधनं सगळ्यांच्या फोनवर आहेत हे गृहीत धरा. नेटवरचं चित्र वापरू नका. आपल्या प्रतीचा तिरका फोटो काढा, एक अष्टमांश तुकडा कापा, काळा-पांढरा करा, नावाचं अक्षर त्यात येऊ देऊ नका. आवृत्ती बदलली की मुखपृष्ठ बदलतं, म्हणून कोणत्या दशकातली प्रत ते सांगायलाच हवं.

वीस प्रश्नांचा खेळ मात्र मोठ्या ग्रुपवर सांभाळायला कठीण. एकाच वेळी पाच जण विचारतात आणि प्रश्न वाया जातात. क्रमांक न घातलेल्या प्रश्नाला उत्तर नाही आणि एकदा विचारलं की आणखी तिघांनी विचारेपर्यंत थांबायचं, हे दोन नियम पुरेसे आहेत. उत्तरं तीनच: हो, नाही, लागू नाही. नवखे लगेच नावं विचारू लागतात (‘ययाति आहे का?’), तिथे प्रश्न संपतात. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या पुस्तकांपैकी निम्मी तरी गळावीत. कादंबरी आहे का, १९६०च्या आधीचं आहे का, लेखिकेचं आहे का, शीर्षक एका शब्दाचं आहे का, शीर्षकात माणूस आहे का: एवढ्या पाच प्रश्नांत ३२ कप्पे पडतात. सूत्रधाराने पुस्तक जवळ घेऊन बसावं. चुकीचं एक ‘नाही’ सगळा खेळ वाया घालवतं.

‘धागा’ हा प्रकार कमी खेळला जातो, तो जरूर करून पाहा. चार पुस्तकं ओळखायची आणि मग त्यांना जोडणारी गोष्ट शोधायची, तिचे वेगळे ३ गुण. ‘चौघीजणी’, ‘एका कोळियाने’, ‘एक होता कार्व्हर’, ‘सात सक्कं त्रेचाळीस’: चारही नावांत आकडा. धागा आधी जाहीर केलात तर चारही कोडी सोपी होऊन जातात, म्हणून तो शेवटीच विचारायचा.

कुठली पुस्तकं घ्यायची यावर बरंच काही अवलंबून आहे. तुमच्या ग्रुपात पेंडसे आणि गो. नी. दांडेकर वाचून मोठे झालेले असतील, तसे ‘दुनियादारी’ चित्रपट पाहून कादंबरीकडे आलेलेही असतील. सूत्रधाराने स्वतःच्या कपाटातूनच कोडी काढली तर त्याच्या पिढीबाहेरचे लोक गळतात. प्रत्येकाकडून वाचलेल्या दहा पुस्तकांची नावं मागवा. ज्या नावांचा किमान तिघांनी उल्लेख केला तो तुमचा ओळखीचा साठा. दहांतली सात कोडी त्यातून, दोन एकेकट्याने सांगितलेल्या पुस्तकांवर, एक कोणीच न सांगितलेलं. शेवटचं एक सोडू नका, नवं पुस्तक ग्रुपात त्यातूनच येतं. वापरलेल्या नावांची यादी तारखेसह ठेवा आणि तेच पुस्तक सहा महिने परत घेऊ नका. शेवट फोडणारा क्लू कधीच द्यायचा नाही, पुस्तक कितीही जुनं असलं तरी.

बक्षीस ठेवायचंच तर पैशांचं नको. महिन्याच्या विजेत्याला फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवरून घेतलेलं एखादं जुनं पुस्तक द्या. दादर दोन्ही लाइनींना जोडतं, तिथे हातोहात देता येतं.

उत्तर जाहीर करताना नुसतं नाव टाकून पुढे जाऊ नका. लेखक, साल, कोणता क्लू कुठून निघाला, असं दोन-तीन ओळींत लिहा आणि विचारा: ही प्रत कुणाकडे आहे? लगेच कोणीतरी ‘पीडीएफ आहे का?’ म्हणेल. ती फिरू देऊ नका. पुस्तक छापात असेल तर प्रकाशकाचं नाव सांगा. नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. ज्याच्याकडे प्रत आहे त्याचं नाव त्याच यादीत पुस्तकासमोर लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांत कोणाकडून काय वाचायला मागता येईल याची नोंदवही आपोआप तयार होते आणि गप्प बसणारे पुष्कळदा आधी पुस्तक मागायला बोलतात, मग खेळायला.